विश्लेषण : ‘ही संख्या फुटते’ हे १८७६ मध्ये कळले, कशी फुटते, हे कळायला २७ वर्षे का लागली?

फोनवरचा कॅल्क्युलेटर उघडून २ चा ६७ वा घात काढून पाहा. बऱ्याच फोनवर १.४७५७३९... असे काही आकडे आणि पुढे ‘ई २०’ अशी खूण दिसेल. म्हणजे दशांश चिन्ह २० घरे पुढे सरकवा, असे फोन सांगतो. शेवटचे आकडे तो गिळून टाकतो. किराणाच्या हिशेबाला एवढे पुरते. पण एखादी संख्या मूळ आहे की संयुक्त, हा प्रश्न असेल तर एकक स्थानचा एक आकडा इकडचा तिकडे झाला तरी सगळे उत्तर बदलते. तेव्हा संख्या पूर्ण लिहायला हवी. २ चा ६७ वा घात काढून त्यातून १ वजा केला की मिळते :

१४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७

ही २१ अंकी संख्या वाचायची कशी, हाच पहिला पेच. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तील संख्यांची नावे परार्धावर थांबतात, परार्ध म्हणजे १ वर १७ शून्ये. आपली संख्या त्या हिशेबाने जवळपास १,४७६ परार्ध भरते. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, अशी गव्हाच्या दाण्यांची गोष्ट सर्वांना ठाऊक असते. पटाला ६४ ऐवजी ६७ घरे असती, तर एकूण दाणे बरोबर इतके झाले असते.

गणिताच्या इतिहासात ही संख्या गाजली ती एका चुकीमुळे आणि ती चूक दुरुस्त व्हायला लागलेल्या २५९ वर्षांमुळे. त्या दुरुस्तीत दडलेली एक गोष्ट आज तुमच्या बँकेच्या संकेतस्थळापासून डिजिटल स्वाक्षरीपर्यंत अनेक ठिकाणी कामाला लावलेली आहे.

चूक कोणाची होती?

मारँ मेर्सेन हे सतराव्या शतकातील फ्रेंच धर्मगुरू. पॅरिसमधल्या मठातील त्यांच्या खोलीतून युरोपभरच्या विद्वानांना पत्रे जात. देकार्त, फर्मा, पास्कल अशी मंडळी त्यांच्या संपर्कात होती. त्या काळात संशोधनाची नियतकालिके नव्हती. ते काम बऱ्याच अंशी मेर्सेन यांची पत्रे करत. १६४४ मध्ये त्यांनी एका ग्रंथाच्या प्रस्तावनेत एक यादी दिली. २ चा अमुक घात उणे १ ही संख्या कोणकोणत्या घातांसाठी मूळ असते, याची ती यादी होती : २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७. या मर्यादेत बाकी कोणताही घात चालणार नाही, असेही त्यांनी ठामपणे लिहिले.

उजळणी म्हणून सांगायचे तर, १ आणि स्वतः यांखेरीज दुसऱ्या कशानेही भाग जात नाही ती मूळ संख्या : ७, ३१, १२७ वगैरे. भाग जातो ती संयुक्त. मेर्सेन यांच्या पद्धतीची संख्या मूळ असायची तर घात मूळ असावाच लागतो. संगणकाच्या द्विमान पद्धतीत या संख्या म्हणजे नुसत्या १ ची रांग असतात. सहा १ ची रांग, म्हणजे ६३, तीन-तीनच्या दोन गटांत मोडता येते. म्हणून तिला ७ ने भाग जातो. रांगेची लांबी ५ किंवा ७ असली की असे समान गट पडत नाहीत. पण लांबी मूळ असणे पुरेसे मात्र नाही. ११ मूळ आहे, तरी २ चा ११ वा घात उणे १, म्हणजे २०४७, ही २३ गुणिले ८९ निघते. मेर्सेन यांच्या यादीत ११ नाही, ते बरोबर आहे.

यादीतील मोठे घात त्यांनी तपासले कसे, हे त्यांनी सांगितले नाही. हाताने तपासणे त्या काळी शक्यही नव्हते. सहकाऱ्यांनाही याची कल्पना असावी. तरीही यादी टिकली, कारण ती खोडून काढणेही तितकेच अवघड होते. पुढे एकूण पाच चुका निघाल्या. ६७ आणि २५७ यादीत नको होते. ६१, ८९ आणि १०७ राहून गेले होते. छापताना ६१ चे ६७ झाले असावे, असाही एक तर्क आहे. यादीचा पूर्ण निकाल लागायला १९४७ उजाडले.

अवयव न शोधता ‘संयुक्त’ कसे ठरवता येते?

एखादी संख्या संयुक्त आहे हे दाखवायचे तर तिला कशाने भाग जातो ते दाखवायचे, ही शाळेपासूनची आपली समजूत. फ्रेंच गणिती एदुआर ल्युका यांनी १८७६ मध्ये तिला धक्का दिला. त्यांनी अशी कसोटी तयार केली की जिच्यात अवयव शोधायचेच नाहीत. संख्या एका ठरावीक गणिती चरकातून काढायची आणि शेवटी काय उरते ते पाहायचे.

या कसोटीचे सुटसुटीत रूप पुढे अमेरिकी गणिती डी. एच. लेमर यांनी दिले. ते इतके सोपे आहे की कागद-पेन्सिल घेऊन करता येईल. ४ पासून सुरुवात करायची. संख्येचा वर्ग करायचा, त्यातून २ वजा करायचे आणि ज्या संख्येची परीक्षा आहे तिने भागून बाकी ठेवायची. पुन्हा वर्ग, पुन्हा उणे २, पुन्हा बाकी. घातापेक्षा दोन कमी इतक्या वेळा हे करायचे. शेवटी शून्य उरले तर संख्या मूळ. काहीही दुसरे उरले तर संयुक्त.

३१ घेऊ. ती २ चा पाचवा घात उणे १, म्हणून तीन फेऱ्या. ४ चा वर्ग १६, उणे २, १४. चौदाचा वर्ग १९६, उणे २, १९४; त्याला ३१ ने भागून बाकी ८. आठचा वर्ग ६४, उणे २, ६२. ३१ ने भागले की बाकी शून्य. म्हणजे ३१ मूळ. हे तर ठाऊकच होते. पण आता २०४७ घ्या. नऊ फेऱ्यांत बाक्या अशा पडतात : १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२ आणि शेवटी १७३६. शून्य नाही, म्हणजे २०४७ संयुक्त. निकाल पक्का आहे, त्यात ‘बहुधा’ नाही.

मात्र त्या १७३६ कडे कितीही वेळ पाहिले तरी २३ आणि ८९ त्यात दिसत नाहीत. कसोटी संख्या फुटते एवढे सांगते, कुठे फुटते ते सांगत नाही. रक्ताच्या तपासणीत पेशी वाढल्याचे कळावे, पण संसर्ग नेमका कुठे आहे ते अहवालात नसावे, तसा हा प्रकार.

ल्युका यांनी आपल्या पद्धतीने मेर्सेन यांची १२७ ची नोंद बरोबर ठरवली. ती ३९ अंकी संख्या पुढे १९५१ पर्यंत सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या राहिली. हाताने गणित करून सिद्ध झालेली तेवढी मोठी मूळ संख्या दुसरी नाही. आणि ६७ ची नोंद त्यांनी चूक ठरवली. ती २१ अंकी संख्या संयुक्त होती. अवयव मात्र कोणालाच ठाऊक नव्हते.

१९०३ च्या त्या सभेत काय घडले?

३१ ऑक्टोबर १९०३ रोजी न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीची बैठक होती. कोलंबिया विद्यापीठातील प्राध्यापक आणि सोसायटीचे तेव्हाचे सचिव फ्रँक नेल्सन कोल यांचा निबंध कार्यक्रमपत्रिकेवर होता. विषय : मोठ्या संख्यांचे अवयव.

पुढचे वर्णन गणिताच्या इतिहासावर गाजलेली पुस्तके लिहिणारे ई. टी. बेल यांनी १९५१ च्या आपल्या पुस्तकात केले आहे. कोल मुळात मितभाषी. ते काही न बोलता फळ्यापाशी गेले. फळ्याच्या एका बाजूला त्यांनी २ चा ६७ वा घात हाताने काढला आणि त्यातून १ वजा केला. मग दुसऱ्या बाजूला मोकळ्या जागेत दोन संख्या मांडल्या आणि शाळेतल्या पद्धतीने एकाखाली एक ओळी लिहीत गुणाकार केला :

१९,३७,०७,७२१ × ७,६१,८३,८२,५७,२८७

दोन्ही बाजूंची उत्तरे तंतोतंत जुळली. कोल एकही शब्द न उच्चारता जागेवर जाऊन बसले आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. प्रश्न कोणीही विचारला नाही. बेल स्वतः त्या सभेला नव्हते आणि गोष्ट रंगवून सांगण्याबद्दल त्यांची ख्याती होती, हे लक्षात ठेवून हा प्रसंग वाचावा. गुणाकार मात्र रंगवलेला नाही. कोल यांचा निबंध त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला.

वाचकांना त्याची थोडी पडताळणी इथल्या इथे करता येईल. दोन्ही अवयवांचे शेवटचे तीन आकडे घ्या : ७२१ गुणिले २८७ म्हणजे २,०६,९२७. शेवट ९२७, आणि आपल्या संख्येचा शेवटही ९२७. आता आकड्यांची बेरीज. पहिल्या अवयवाची ३७, म्हणजे १०, म्हणजे १. दुसऱ्याची ६४, तीही १०, मग १. एक गुणिले एक, एक. मूळ २१ अंकी संख्येच्या आकड्यांची बेरीज १०९, म्हणजे १०, म्हणजे १. जुळले. ही काही सिद्धता नव्हे. पण एखादा आकडा लिहिताना चुकला असता तर बहुतेक वेळा इथेच पकडला गेला असता. पूर्ण गुणाकार करायचा तर नऊ ओळींचे काम. त्यातील एक ओळ शून्याची आणि दोन ओळी नुसत्या उतरवून घ्यायच्या. चहा निवायच्या आत होते.

सारा मुद्दा इथेच आहे. तपासायला काही मिनिटे, शोधायला किती? बेल यांनी १९११ मध्ये कोल यांना तेच विचारले होते. तीन वर्षांचे रविवार, असे उत्तर मिळाल्याचे बेल लिहितात.

रविवारच्या त्या दुपारी नेमके काय चालले असेल?

साधा मार्ग म्हणजे एकेका मूळ संख्येने भागून पाहणे. कुठवर? आपल्या संख्येचे वर्गमूळ सुमारे १,२१५ कोटी आहे, म्हणून अवयव असेल तर लहान अवयव त्याच्या आत सापडायलाच हवा. तिथवर सुमारे ५५ कोटी मूळ संख्या आहेत. रात्रंदिवस मिनिटाला एक भागाकार केला तरी हजार वर्षांहून अधिक लागतील. तेव्हा हा मार्ग बंद.

सुदैवाने मेर्सेन यांच्या पद्धतीच्या संख्यांना कोणतीही मूळ संख्या भाग देऊ शकत नाही. फर्मा आणि ऑयलर यांच्या कामातून मिळालेला नियम असा : घात ६७ असेल, तर भाजक हा १३४ च्या पटीत १ मिळवून होणारी संख्याच असणार. २०४७ वर हा नियम पडताळून पाहा. घात ११, त्याची दुप्पट २२. २३ म्हणजे २२ अधिक १. ८९ म्हणजे २२ चोक ८८ अधिक १. बरोबर. दुसरा नियम : भाजकाला ८ ने भागले तर बाकी १ किंवा ७ च उरली पाहिजे.

६७ साठी पहिले उमेदवार १३५, २६९, ४०३, ५३७ आणि ६७१. यातील १३५ ला ५ ने भाग जातो, ५३७ ला ३ ने, ६७१ ला ११ ने. २६९ आणि ४०३ आठाच्या नियमात बसत नाहीत. म्हणजे पहिले पाचही भागाकार न करताच बाद झाले. काम असे भराभर हलके होते.

तरी किती हलके? कोल यांना सापडलेला लहान अवयव १९,३७,०७,७२१ हा या यादीतील १४,४५,५८० वा उमेदवार आहे. आठाच्या नियमाने त्यातील निम्मे गेले, ३, ५ आणि ७ ने भाग जाणारे गेले, तरी साधारण ३ लाख ३० हजार उरतात. तीन वर्षांत रविवार दीडशेच्या आसपास. म्हणजे दर रविवारी दोन हजारांहून अधिक भागाकार, आणि प्रत्येक भागाकारात २१ अंकी संख्येला आठ-नऊ अंकी संख्येने भागायचे. हे माणसाच्या हातून होणारे नाही. शिवाय अवयव १४ लाखाव्या उमेदवारापाशी आहे की नऊ कोटीव्या, हे आधी कोणाला माहीत होते?

कोल यांनी वापरली ती वर्गांची युक्ती. वर्गसंख्येच्या एकक स्थानी २, ३, ७, ८ हे आकडे कधीच येत नाहीत, हे शाळेत शिकवतात. म्हणजे १० ने भागल्यावर वर्गसंख्येची बाकी ठरावीकच असते. तसेच कोणत्याही संख्येने भागले तरी वर्गांच्या बाक्या निवडकच असतात. आता एखाद्या वर्गाला आपल्या २१ अंकी संख्येने भागून एखादी लहानशी बाकी मिळाली, तर ती बाकी आपल्या संख्येच्या प्रत्येक अवयवाच्या बाबतीतही ‘वर्गाची बाकी’ असलीच पाहिजे. ही अट घातली की निम्मे उमेदवार गळतात. दुसरी स्वतंत्र अट, की उरलेल्यांतील निम्मे. अशा दहा अटी जमवल्या तर हजारातून एक उरतो आणि ३ लाख ३० हजारांचे सव्वातीनशेच्या आसपास होतात. कोल यांचे रविवार या अटी जमवण्यात आणि त्यांच्या चाळणीतून आकडे गाळण्यात गेले. कॅल्क्युलेटर नाही, संगणकाचा तर प्रश्नच नाही. मधल्या एका पायरीवर चूक झाली असती तर खरा अवयवच चाळणीतून निसटला असता आणि तो निसटल्याचे कळलेही नसते.

मोठ्या संख्या फोडण्याच्या आजच्या पद्धतींच्या मुळाशीही वर्गच आहेत. १५९१ चे अवयव सांगा म्हटले तर क्षणभर काही सुचत नाही. पण ती १६०० उणे ९ आहे, म्हणजे ४० चा वर्ग उणे ३ चा वर्ग, हे दिसले की ३७ गुणिले ४३ आपोआप समोर येते. दोन वर्गांची अशी जोडी शोधायची. संगणक हेच करतात, फक्त अफाट प्रमाणावर.

कोल यांच्या नावाने अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटी बीजगणित आणि अंकशास्त्रासाठी पारितोषिक देते. अंकशास्त्राचे कोल पारितोषिक २००८ मध्ये मंजुल भार्गव यांना, तर २०११ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम केलेले चंद्रशेखर खरे यांना जाँ-पिएर विंटेनबर्जे यांच्यासह मिळाले.

या जुन्या गोष्टीचा आपल्या फोनशी काय संबंध?

गुणाकार सोपा, उलट जाणे अवघड. मूळ आहे की नाही हे ठरवणे सोपे, अवयव काढणे अवघड. १९०३ पर्यंत या दोन गोष्टी गणितज्ञांची डोकेदुखी होत्या. १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी तिचेच कुलूप बनवले. त्यांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून त्याला आरएसए म्हणतात.

दाबले की बंद होणारे कुलूप आठवा. लावायला किल्ली लागत नाही, कोणीही लावू शकतो. उघडायला मात्र किल्ली हवी. आरएसएमध्ये बँक दोन प्रचंड मूळ संख्या गुपचूप निवडते, त्यांचा गुणाकार करते आणि गुणाकार जगजाहीर करते. त्या गुणाकाराच्या आधारे कोणीही संदेश बंद करू शकतो. उघडू शकतो तोच, ज्याला त्या दोन मूळ संख्या ठाऊक आहेत. संदेश चोरणाऱ्याच्या हातात गुणाकार असतोच. त्याला फक्त कोल यांचे काम करायचे असते.

आज प्रचलित असलेली २०४८ बिटांची आरएसए किल्ली म्हणजे ६१७ अंकी संख्या. ती बनवायला सुमारे ३०९ अंकी दोन मूळ संख्या लागतात. त्या सापडतात कशा? एवढ्या मोठ्या संख्यांमध्ये सरासरी सातशेतील एक मूळ असते. संगणक वाटेल ती विषम संख्या घेतो, ल्युका यांच्या कसोटीच्या जातीच्या झटपट कसोट्या लावतो, नापास झाली की टाकून पुढची घेतो. काही क्षणांत काम होते. टाकून दिलेल्या शेकडो संख्यांपैकी बहुतेकांचे पूर्ण अवयव त्यालाही सांगता येणार नाहीत. त्याला ते नकोच असतात.

मूळ संख्या ओळखण्याचे काम खरोखर सोप्या जातीचे आहे, याची निर्विवाद सिद्धता ऑगस्ट २००२ मध्ये भारतातून आली. आयआयटी कानपूरचे मणिंद्र अग्रवाल आणि नुकतेच बीटेक झालेले त्यांचे विद्यार्थी नीरज कयाल व नितीन सक्सेना यांनी ती दिली. तिघांच्या नावांवरून ती ‘एकेएस’ म्हणून जगभर शिकवली जाते. अवयव काढण्याचे काम मात्र अवघड जातीचेच आहे, अशी सिद्धता अद्याप कोणी दिलेली नाही. सोपी रीत सापडलेली नाही, इतकेच. हे बारीक अंतर नजरेआड करू नये. आरएसएवरचा विश्वास सिद्ध झालेल्या प्रमेयावर टेकलेला नाही. हुशार माणसांच्या इतक्या वर्षांच्या अपयशावर टेकलेला आहे.

मग हे कुलूप किती टिकेल?

इथे मोठे आकडे ऐकून हुरळून जाऊ नये. आरएसएची पहिली जाहीर ओळख ऑगस्ट १९७७ मध्ये मार्टिन गार्डनर यांच्या ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील सदरातून झाली. हे नवे कुलूप फोडायला लाखो वर्षे लागतील, असे त्या लेखाच्या शीर्षकातच होते. सोबत १२९ अंकी एक संख्या आणि ती फोडणाऱ्याला १०० डॉलरचे बक्षीस. एप्रिल १९९४ मध्ये ती फुटली. इंटरनेटवरून जोडल्या गेलेल्या सुमारे ६०० स्वयंसेवकांनी आपापले संगणक कामाला लावले आणि काही महिन्यांत अवयव हाती आले. लाखो वर्षांची सतराही झाली नाहीत. संगणक वेगवान झाले हे एक कारण. पण वर्गांच्या चाळणीच्या पद्धतीच मधल्या काळात कितीतरी चलाख झाल्या, हे त्याहून मोठे कारण. अंदाज बांधणाऱ्यांनी यंत्रे मोजली होती, युक्त्या मोजल्या नव्हत्या.

मार्च २०१८ मध्ये आधारवरील सुनावणीत यूआयडीएआयच्या तत्कालीन मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी सर्वोच्च न्यायालयात सादरीकरण केले. माहिती २०४८ बिटांच्या किल्लीने बंद असते आणि ती फोडायला वेगवान संगणकालाही विश्वाच्या वयाइतका काळ लागेल, अशा आशयाचा दावा त्यात होता. आजच्या ज्ञात पद्धतींनी हिशेब केला तर तो दावा अतिरंजित नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये २५० अंकी संख्या फोडली गेली, तेव्हा एकाच प्रोसेसर-कोअरवर सुमारे २,७०० वर्षे लागली असती इतके काम अनेक यंत्रांवर वाटून करावे लागले. ६१७ अंक त्याच्या कितीतरी पुढे आहेत. पण ‘आजच्या ज्ञात पद्धतींनी’ हे शब्द वगळून असा दावा वाचला, तर १९७७ च्या शीर्षकासारखीच गत व्हायची.

धोका कुठून येऊ शकतो, हेही ठाऊक आहे. १२९ अंकी संख्या फुटली त्याच १९९४ मध्ये पीटर शोर यांनी दाखवून दिले की पुरेसा मोठा क्वांटम संगणक असेल तर अवयव काढणे सोपे होईल. तसा संगणक आज कोणाकडे असल्याचे समोर आलेले नाही. मात्र बंद संदेश आज साठवून ठेवायचे आणि यंत्र तयार झाले की उघडायचे, हे चोराला करता येते. म्हणून अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये अवयवांच्या अवघडपणावर न विसंबणारी तीन नवी मानके जाहीर केली. मोठ्या कंपन्यांच्या ब्राउझरमध्ये आणि मेसेजिंग अॅपमध्ये हा बदल सुरू झाला आहे. ओटीपी कोणाला सांगायचा नाही, हा नियम मात्र आहे तसाच राहतो. प्रत्यक्षातल्या फसवणुकीत चोर संख्या फोडत बसत नाही, तो फोन करतो.

कोल यांच्यासारखे काम आज कोणते उरले आहे?

कोल यांची २१ अंकी संख्या आजचा साधा फोन सेकंदाच्या आत फोडतो. मेर्सेन यांच्या जातीच्या मूळ संख्यांचा शोधही पुढे निघून गेला आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये सापडलेली २ चा १३,६२,७९,८४१ वा घात उणे १ ही मूळ संख्या ४,१०,२४,३२० अंकी आहे. तिची परीक्षा ल्युका यांच्याच कसोटीने झाली.

आणि तरीही २ चा १२७७ वा घात उणे १ ही जेमतेम ३८५ अंकी संख्या तशीच पडून आहे. कसोटीत शेवटी शून्य उरत नाही, म्हणजे ती संयुक्त आहे. तिचा भाजक २५५४ च्या पटीत १ मिळवूनच होणार, हेही माहीत आहे. जगभरचे स्वयंसेवक आपल्या संगणकांवर तो अनेक वर्षे शोधत आहेत. अजून एकही अवयव सापडलेला नाही.